साठे, त्यांच्या बायकोचे भाडेकरू

पुरुष माझ्याकडे घाबरून येतात ते दोनच वेळा. एकदा मार्च महिन्यात आणि एकदा बायको घर सोडून गेल्यावर. मार्चमधला पुरुष जिना धावत चढतो आणि दारातूनच ‘अक्का, काहीतरी करा’ म्हणतो. दुसरा हळूहळू चढतो, खुर्चीवर बसतो, पंख्याकडे बघत राहतो आणि बऱ्याच वेळाने म्हणतो, “एक जनरल प्रश्न होता.” जनरल प्रश्न म्हटलं की मी खालच्या हॉटेलात दोन कॉफी सांगते.

मी कर सल्लागार. माहेर निपाणीचं, लग्न होऊन बंगळूरला आले ती चामराजपेटेतच राहिले. बी.कॉम. होतेच. एका सीएंच्या हाताखाली बरीच वर्षं काढली आणि मग पापडाच्या दुकानावरच्या खोलीत स्वतःची पाटी लावली. आता वय झालं, पाटी उतरवली. पण जिना चढून येणारे थांबलेले नाहीत. लोकांना वाटतं, कर सल्लागार कर वाचवतो. कर सल्लागार दिवसभर ‘नाही’ म्हणतो, त्याचीच फी घेतो. मुंजीचा खर्च दाखवता येईल का? नाही. कुत्र्याच्या डॉक्टरचं बिल? नाही. सासऱ्यांना उसने दिलेले परत आले नाहीत, तो तोटा? मुळीच नाही.

मोडलेल्या संसारातले पुरुष माझ्याकडे इतके का यायला लागले, ते मलाही कळलं नाही. एकाने दुसऱ्याला सांगितलं असावं. वकिलाकडे जायला ते लाजत नाहीत, कारण तिथे भांडायचं असतं. पण वकील एकदा ‘सेटल झालं’ म्हणाला की मग पैशाचं काय उरलं हे बघायला कुणीतरी लागतं, आणि ते कुणीतरी बाई असली, वयाने मोठी असली आणि मराठी बोलणारी असली, तर बरं पडत असावं. ऑफिसात इंग्रजी, रिक्षात कन्नड, घरमालकाशी हिंदी असं दिवसभर बोलून आलेला माणूस माझ्यासमोर मराठीत रडून घ्यायचा.

बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातले एक मॅनेजर होते. आवाज असा की मशीन चालू असताना बोलायची सवय दिसावी. त्यांनी बसल्या बसल्या विचारलं, “अक्का, पोटगीला सूट किती?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे? देवस्थानाला देणगी दिली तर सूट, शाळेला दिली तर सूट, आणि बायकोला दिलं तर नाही?”

“तुम्ही तिला देणगी दिल्यासारखंच देत आला असाल. म्हणून तर ही वेळ आली.”

ते हसले नाहीत. मग मी त्यांना समजावून सांगितलं, जे मी सगळ्यांनाच सांगते. पोटगी तुम्ही द्यायची ती कर भरून उरलेल्या पैशातून. दर महिन्याला दिलीत तर ते तिचं उत्पन्न, त्यावर कर तिने भरायचा. एकरकमी दिलीत तर तिला कर नाही. पण तुम्हाला सूट तेव्हाही नाही. “म्हणजे यात सरकारचं काहीच जात नाही?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “लग्न करताना सरकारला विचारलं होतं का?”

याच कायद्यातली एक गंमत मला पहिल्यापासून आवडते. नवऱ्याने प्रेमाने बायकोच्या नावावर पैसे ठेवले, तर त्यांचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. पण वेगळं राहायचं ठरलं म्हणून त्यासाठी दिले, तर ते व्याज तिचं. कायदा लिहिणाऱ्याला संसाराचा चांगला अनुभव असला पाहिजे. प्रेमाने दिलेलं खरं दिलेलं नसतं, हे त्याने बरोबर ओळखलं होतं.

दुसरा एक पुण्याचा संगणकवाला मुलगा. पगार माझ्या नवऱ्याच्या सगळ्या नोकरीत मिळून झाला नसेल एवढा. पण त्याचं बँक खातं, आयकराचं खातं, गॅस, वीज, सगळ्याला नंबर बायकोचा जोडलेला, कारण घरातलं सगळं तीच बघायची. ती गेली तशी फोन घेऊन गेली. आता ह्याला काही भरायचं म्हटलं की ओटीपी तिच्याकडे जायचा. हा माझ्यासमोर बसून तिला फोन लावायचा. ओटीपी दहा मिनिटांत मरतो, म्हणून ह्यांचं भांडणही दहा मिनिटांत आटपावं लागे. एकदा तिने ओटीपी पाठवला आणि खाली लिहिलं, ‘पाण्याचं बिल दोन महिने राहिलंय, ते आधी भर.’ तो म्हणाला, “अक्का, मला पाण्याचं बिल येतं हे माहीतच नव्हतं. मला वाटायचं पाणी सोसायटीचं असतं.” मी स्वतः त्याला बँकेत घेऊन गेले आणि नंबर बदलून आणला. नंबर बदलल्यावर तो खूश होईल असं मला वाटलं होतं. तो जिन्यात बराच वेळ उभा राहिला.

पुरुषांना वाटतं, वेगळं होण्याचा खर्च म्हणजे वकील आणि पोटगी. ते दोन्ही मोठे खर्च आहेत आणि मोठ्या खर्चाला माणूस तयार असतो. पण एका पगारात दोन घरं चालवायची म्हणजे दोन कुकर, दोन इंटरनेट, दोन मिक्सर. सांडशी नावाची वस्तू विकत घ्यावी लागते, ती घरात आपोआप उगवत नाही, हे पन्नाशीच्या माणसाला पहिल्यांदा कळतं. दुधाच्या दोन पिशव्या आणायचा तिथे एकच आणतो, तरी खर्च अर्धा होत नाही. भाडं अर्ध्या माणसाचं नसतं. हे सगळं मी त्यांना कागदावर मांडून दाखवते आणि ते त्या कागदाकडे दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखे बघत राहतात.

पण मला सांगायचं आहे ते साठ्यांचं.

साठे सरकारी संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. मूळचे पुण्याचे, सडपातळ, शर्टाच्या खिशात दोन पेनं. त्यांची बायको मीनल बेळगावकडची. तिचं माझं गाव जवळजवळ, त्यामुळे साठे आयकराचं गिऱ्हाईक असले तरी ओढा माझा तिच्याकडे. त्यांचा बनशंकरीत फ्लॅट होता. घेताना साठ्यांच्या काकांनी पत्रिका बघून सांगितलं की ह्याच्या नावावर वास्तू टिकायची नाही. साठे धातूंवर संशोधन करणारे, पण काकांचा शब्द मोडला नाही. फ्लॅट बायकोच्या नावावर घेतला. हप्ते मात्र साठ्यांच्याच पगारातून जायचे. त्याबद्दल पत्रिकेत काही नव्हतं.

मुलगी शिकून पुण्याला नोकरीला लागली आणि मीनलने सांगितलं की तिला आता ह्या लग्नात राहायचं नाही. भांडण नाही, व्यसन नाही, तिसरं माणूस नाही. मला म्हणाली, “अक्का, इतकी वर्षं मी बोलते आणि हे ‘हूं’ म्हणतात. रेडिओ तरी बरा की, आपणहून काहीतरी बोलतो.” तिची बहीण मैसूरला शिवणाचे क्लास घ्यायची. तिच्याकडे जायचं तिने ठरवलं होतं. साठे त्यावरही ‘हूं’ म्हणाले असणार.

दोघं मिळून माझ्याकडे आले. वकिलाचे कागद तयार होते, पैशाचं ठरायचं होतं. साठ्यांनी आपणहून भविष्यनिर्वाह निधीतला अर्धा वाटा तिला द्यायचं कबूल केलं. सोनं तिचं होतंच. मी विचारलं, “पोटगी?”

“नको,” मीनल म्हणाली. “माझे हातपाय धड आहेत. घर माझ्या नावावर आहे. ह्यांना ऑफिस जवळ पडतं, तर ह्यांनी तिथंच राहावं. भाडं द्यावं.”

साठ्यांनी चष्मा काढला. “म्हणजे मी माझ्याच घराचं भाडं द्यायचं?”

“माझ्या घराचं,” मीनल म्हणाली. “काकांना विचारा.”

मला हसू आवरेना. मी खिडकी उघडायच्या निमित्ताने उठले. साठे मात्र शास्त्रज्ञ माणूस, ते लगेच गणितात शिरले. घरभाडे भत्ता त्यांना पगारात मिळत होता. पण बायकोच्या घरात फुकट राहत असल्यामुळे त्यावर पूर्ण कर जात होता. आता भाडं दिलं तर सूट मिळेल का?

मी सांगितलं, “कोर्टाचा निकाल लागेपर्यंत थांबा. ती बायको आहे तोवर, तुमच्या पैशाने घेतलेल्या घराचं भाडं फिरून तुमच्याच उत्पन्नात धरलं जाईल. म्हणजे तुम्ही स्वतःलाच भाडं दिल्यासारखं. निकाल लागला की ती मालकीण, तुम्ही भाडेकरू. मग सूट मिळेल.”

“म्हणजे बेसिकली,” साठे म्हणाले, “घटस्फोटाने माझा कर कमी होतो.”

“बघा,” मीनल म्हणाली, “माझा काहीतरी उपयोग झाला.”

ही गोष्ट कशी कोण जाणे बाहेर फुटली. पुढच्या आठवड्यात एक सुखी गृहस्थ पत्नीला घेऊन हजर झाले. त्यांचाही फ्लॅट तिच्या नावावर. ‘फक्त कागदोपत्री घटस्फोट घेतला तर किती वाचतील?’ असं त्यांनी विचारलं. त्यांची पत्नी शेजारी बसून मान डोलवत होती. मी त्यांना जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत पोचवून आले.

निकाल लागला आणि करार करायला दोघं पुन्हा आले. अकरा महिन्यांचा करार, जसा सगळ्यांचा असतो. भाडं बनशंकरीतल्या दराने. मीनल म्हणाली, “आणि डिपॉझिट दहा महिन्यांचं.”

बाहेरच्या माणसाला सांगायला हवं की आमच्या शहरात दहा महिन्यांचं भाडं आगाऊ घ्यायची जुनी पद्धत आहे. मुंबईचा माणूस इथे घर शोधायला येतो आणि हा आकडा ऐकून आधी पाणी मागतो.

“मीनल, दहा?” साठे म्हणाले.

“सगळे घेतात की. मी काय फुकट बसलेय काय?”

साठ्यांनी मुदत ठेव मोडली आणि दहा महिन्यांचे पैसे भरले. त्यांच्या आयुष्यातली ती शेवटची ठेव होती, हे मला माहीत होतं. निधीतला अर्धा वाटा गेला, मुलीच्या शिक्षणाचं कर्ज फिटत आलं होतं, आणि निवृत्ती दोन-तीन वर्षांवर. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की थोडी घासाघीस करा. ते म्हणाले, “राहू दे अक्का. तिचं लॉजिक बरोबर आहे.”

आणि मग जे झालं त्याची मी कल्पनाच केली नव्हती. साठे बोलायला लागले.

नवरा म्हणून ज्या माणसाने कधी नळ गळतो असं सांगितलं नव्हतं, तो भाडेकरू म्हणून पत्र पाठवायला लागला. ‘महोदया, स्वयंपाकघरातील नळ गळत असून कृपया प्लंबर पाठवावा.’ मीनल मैसूरहून फोन करायची, प्लंबर पाठवायची आणि मग आला का, नीट केलं का, म्हणून पुन्हा फोन करायची. गच्चीवरून ओल येते, खालच्या कुटुंबाची मुलं बॉल मारतात, शेजारच्या आंब्याची फांदी खिडकीत येते. साठ्यांना घर दिसायला लागलं होतं. भाडं पाच तारखेपर्यंत द्यायचं असे, ते एक तारखेला सकाळी द्यायचे. तिला ‘तुम्ही’ म्हणायला लागले होते. मी विचारलं, तर म्हणाले, “मालकिणीला अरे-तुरे कसं करायचं?”

दर अकरा महिन्यांनी करार नवा करायला दोघं माझ्याकडे यायचे. साठे इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून. मीनल बसने उतरून सरळ यायची, पिशवीत मैसूरपाक असायचा. सही करायला दोन मिनिटं पुरतात. ते दोघं तासभर बसायचे. मीनल पाच टक्के वाढ मागायची, साठे तीन म्हणायचे, ती म्हणायची “सरी, बरं, चार,” आणि साठे असे खूश व्हायचे जसं काही जिंकलं. माझ्या नवऱ्याने एकदा हे सगळं दारातून ऐकलं आणि जेवताना मला म्हणाला, “आपणही करार करायचा का?” मी म्हटलं, “तुमचं डिपॉझिट कुठाय?”

असं चालेल तितकं चालेल असं मला वाटत होतं. पण साठे निवृत्त झाले त्याच वर्षी मीनलने ठरवलं, की फ्लॅट विकायचा. मैसूरला बहिणीच्या घराशेजारी छोटं घर मिळत होतं, ते घ्यायचं. तिचं काही चूक नव्हतं. बाईला आपल्या पायाखाली आपलं घर हवं, हे मला कुणी सांगायला नको.

साठे जिना चढून आले, हळूहळू.

“अक्का, मी तो फ्लॅट घेऊ शकतो का?”

मी कागदावर मांडलं. पेन्शन होती, ती एका माणसाला खाऊन-पिऊन पुरण्यासारखी. डिपॉझिट परत आलं असतं. निधीतलं उरलेलं होतं. पण बनशंकरीतला फ्लॅट आणि ह्या सगळ्याची बेरीज यांची गाठ पडेना, आणि साठी गाठलेल्या माणसाला एवढं कर्ज कुठली बँक देणार? एकदा हप्ते भरून संपवलेलं घर त्यांना पुन्हा घेता येत नव्हतं. त्यांच्या जन्माच्या कमाईचं वजन त्या एका कागदावर आलं. मला वाईट वाटलं, आणि तसं मी त्यांना सांगितलं.

“हूं,” साठे म्हणाले. फार दिवसांनी ऐकला तो ‘हूं’.

मग त्यांनी आमच्याच गल्लीच्या मागे एक खोली आणि स्वयंपाकघर भाड्याने बघितलं. सामान बांधायला घेतलं. सगळं शांतपणे. आणि एका सकाळी साठे माझ्या दारात धापा टाकत उभे. धावत आले होते.

“अक्का, ती पेंटिंगचे कापणार म्हणते!”

ही आमच्या शहराची दुसरी पद्धत. भाडेकरू घर सोडतो तेव्हा मालक डिपॉझिटमधून एक महिन्याचं भाडं रंगासाठी कापून घेतो. भिंती मळलेल्या असोत की आरशासारख्या असोत, कापतात म्हणजे कापतात. त्यावर कुणी वाद घालत नाही.

“सगळेच कापतात साठे,” मी म्हटलं.

“सगळे भाडेकरूंचे कापतात!”

“मग तुम्ही कोण?”

साठे खाली बसले. मग म्हणाले, “मी हप्ते दिले, निधी दिला, डिपॉझिट दिलं. मी कधी एक शब्द बोललो का? पण हे नाही. कुणीतरी परका माणूस राहून गेला, भिंती घाण करून गेला, म्हणून कापायचे? हे मी होऊ देणार नाही.”

इतकं सगळं गेलं त्याचं काही नाही आणि ह्या एका महिन्यासाठी माणूस भांडायला निघाला होता. मी मीनलला फोन केला. ती म्हणाली, “अक्का, पद्धत आहे ती. घेणारा मळक्या भिंती बघून भाव पाडतोय. मी काय करू?”

साठ्यांनी हे ऐकलं आणि उठले. “मी स्वतः रंगवतो. मग कशी कापते बघू.”

साठे संशोधकासारखे कामाला लागले. रंगाच्या डब्यावरचं बारीक अक्षरातलं सगळं वाचलं, अगदी लहान मुलांपासून दूर ठेवा इथपर्यंत. प्रयोगशाळेतला जुना कोट घातला. शिडी आणली. मी एकदा जेवणाचा डबा घेऊन गेले, तर खालच्या मजल्यावरची गौडा बाई जिन्यात गाठून मला विचारते, “एनु अक्का, मनेयल्ली मदुवेना?” घरात लग्न आहे का? आमच्याकडे लग्न असल्याशिवाय कुणी सगळं घर रंगवत नाही. मी म्हटलं, नाही हो, उलटं आहे. तिला ते कळलं नाही आणि मला कन्नडमध्ये समजावता आलं नाही.

बेडरूम आणि स्वयंपाकघर त्यांनी पांढरं केलं होतं. हॉलचं दार मात्र लावून घेतलं होतं. “ते शेवटी,” म्हणाले. कोटावर ठिकठिकाणी लाल थेंब पडलेले होते. मला वाटलं, हात कापला असेल.

किल्ली द्यायच्या दिवशी दोघांनी मलाही बोलावलं, मध्ये कुणीतरी असावं म्हणून. रविवारची सकाळ. मीनल मैसूरच्या बसने आली. चपला काढल्या, हातातली पिशवी दाराशी ठेवली आणि साठ्यांनी हॉलचं दार उघडलं.

समोरची मोठी भिंत डाळिंबी होती. झगझगीत, इरकली साडीसारखी. कडेला रंग थोडा छतावर गेला होता, बटणांच्या पट्टीवरही लागला होता. बाकीच्या तीन भिंती पांढऱ्या.

मला पहिल्यांदा वाटलं, साठ्यांचं डोकं फिरलं. घर विकायचं आहे आणि हा काय रंग!

मीनल भिंतीजवळ गेली. बोट लावून बघितलं, वाळलाय का.

“हा रंग कुणी सांगितला तुम्हाला?”

“तू,” साठे म्हणाले. “घर घेतलं तेव्हा. हॉलची एक भिंत तरी आईच्या इरकलीसारखी करूया म्हणाली होतीस.”

“आणि तुम्ही काय म्हणालासा?”

साठे घसा खाकरले. “क्रीम रंगात प्रकाश जास्त परावर्तित होतो. एक ट्यूबलाइट कमी लागते.”

“होय. आणि दुसऱ्यांदा रंगकाम काढलं तेव्हा?”

“बजेट नव्हतं.”

“तिसऱ्यांदा मी विचारलंच नाही.” ती भिंतीकडेच बघत होती. “किती लागला ओ रंग?”

“दोन डबे. आणि एक ब्रश.”

“दोन डबे,” मीनल म्हणाली. रंगाची बादली उपडी ठेवलेली होती, तिच्यावर ती बसली आणि हसायला लागली. आधी हळू, मग पदर तोंडाला लावून, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते हसण्याचं की कसलं हे मलाही कळेना. साठे शिडीला धरून उभे होते. शेवटी त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्यावर रंग लागलेला होता, म्हणून परत ठेवला आणि पुन्हा काढून तसाच दिला.

मीनलने तो घेतला. नाक पुसलं. मग चेकबुक काढलं आणि मला म्हणाली, “अक्का, दहातून एक महिना कापून आकडा सांगा.”

मी म्हटलं, “मीनल, अगं, माणसाने स्वतः घर रंगवलंय. पेंटिंगचे कसले कापतेस?”

“पेंटिंगचे नव्हेत. उशिराचे. आयकर उशिरा भरला की सरकार दंड घेतंय की नाही?”

मी साठ्यांकडे बघितलं. ह्या एका महिन्यासाठी ते धावत माझा जिना चढले होते, शिडीवर चढले होते. आता ओरडतील असं मला वाटलं. पण ते मान हलवून ‘कापा’ म्हणाले.

मी आकडा सांगितला. मीनलने चेक लिहिला, किल्ल्या घेतल्या, पिशवीतला मैसूरपाकाचा डबा साठ्यांच्या हातात दिला आणि जिना उतरून गेली. जाताना तिने त्या भिंतीकडे आणखी एकदा वळून बघितलं. साठे चेक हातात धरून बराच वेळ वाचत होते. त्यांना हिशेब चुकल्यासारखा वाटतोय की काय म्हणून मी जवळ गेले.

“बरोबर आहे ना?” मी विचारलं.

“नाही अक्का,” साठे म्हणाले. “इतक्या उशिराला एक महिना फार कमी लावला तिने.”